बंडूजींच्या राहिलेल्या गोळ्या

वर्ध्याला दवाखान्यातल्या औषधाच्या रांगेत माझ्यापुढं बंडूजी आणि एम.एस्सी. करणारी त्यांची पोरगी रक्षा उभी होती.

"बाबा, मलेरिया पलटून आला नं? चौदा दिवसांच्या गोळ्या चौथ्याच दिवशी काऊन सोडल्या?"

"ताप उतरला होता."

"पण जंतू लिव्हरच्या पेशीत लपून राह्यला नं! एरवी जंतू शिरला का पेशी स्वतःहून मरून जाते. हा तिले मरूच देत नाई."

"मंग चांगलाच हाये थो. माह्यं लिव्हर जगवून राह्यला."

"त्याची वाढ होईपर्यंतच. मंग पेशी फोडून हजारो पिल्लं रक्तात सोडते."

"हजारो?"

"हजारो."

बंडूजी रांग सोडून थेट खिडकीशी गेले.

"ओ काका, नंबरानं या!"

"साहेब, मले पहिले द्या. थे निघून राह्यले बाहेर!"