नकाबाच्या आतला गाल

आदरणीय अध्यक्ष प्राध्यापक अब्दुलवासे सर, व्यासपीठावरील मान्यवर, सिस्टर नबात आणि येमेनच्या सना शहरातल्या या रुग्णालयातील माझ्या सहकाऱ्यांनो,

दुपारची कातची वेळ होत आली आहे, निम्म्या सभागृहाचे गाल ती तरतरी आणणारी हिरवी पानं चघळायला आसुसले आहेत. म्हणून थोडक्यात बोलतो.

मघाशी या निरोप समारंभात माझा उल्लेख ‘चेहरे परत देणारा’ असा झाला. ऐकून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

अकरा वर्षांपूर्वी हूरिया नावाची बाई आली होती. बॉम्बच्या तुकड्यानं नाकाची एक बाजू उडालेली. अशा वेळी शेजारची कातडी मुळाशी जोडलेलीच ठेवून आपण ती जखमेवर फिरवून घेतो. कपाळाची घ्यायची की गालाची, एवढाच प्रश्न होता. एवढ्या मोठ्या जखमेला कपाळाचीच बरी, हे मी तुम्हाला शिकवत आलो. पण कपाळावर वण राहतो, आणि नकाबातून दिसतं ते तेवढंच. मी गाल निवडला.

सिस्टर नबात म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, तिला एकदा विचारा तरी.”

“त्यात काय विचारायचं? गाल झाकलेलाच असतो की!”

माझ्या या समजूतदारपणाचं तेव्हा कौतुकही झालं, बरं का!

पुढे गालावरचा वण आकसला, ओठ वर ओढला गेला. तीन महिन्यांनी हूरिया आली आणि नकाब काढून समोर बसली.

“रस्त्यावरचे लोक माझे कोण लागतात हो, डॉक्टर? त्यांच्यासाठी कपाळ राखलंत. घरात माझी लमीस आहे, चार वर्षांची. ती म्हणते, आई, घरातही नकाब घाल. आता मी जेवतेसुद्धा नकाबातच.”

मला लाज वाटली, अजून वाटते. घाईघाईनं म्हणालो, “पुन्हा करू. गाल सोडवू, या वेळी कपाळाची कातडी लावू.”

तिनं कपाळावर हात ठेवला. “नको. पोरीच्या ओळखीचं आता एवढंच उरलंय.”

तरुण डॉक्टरांनो, सुरी उचलण्याआधी रुग्णाला विचारत जा, तुमचा चेहरा कोण बघतं? सिस्टर नबात, त्या दिवशी तुमचं ऐकायला हवं होतं.

आपण सर्वांनी इतकी वर्षं सांभाळून घेतलंत, मी मनापासून ऋणी आहे. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल, तर ते आपण पोटात घालाल. हूरियाची क्षमा मात्र मागायची राहून गेली. त्या दिवशी मी तिला फक्त पुढची तारीख लिहून दिली. ती आली नाही.