घोंगडीखालची मरळ

(हिप्परग्याच्या तलावाचा काठ. गिरणीला सुट्टीचा रविवार, ऊन कललेलं. गिरणीतले तीन मित्र एका ओल्या घोंगडीभोवती उभे आहेत.)

रावजी : येडू, मासा कुटं हाय?

येडू : घोंगडीखाली. मगाशी झाकून ठेवलाय की.

रावजी : ही बघ उचलली घोंगडी. काय दिसतंय तुला?

येडू : ...गवत.

ईरप्पा : अय्यो! मी बोललो होतो न्हवं? डोक्यात एक दणका घाल म्हणलो. मरळ हाय ती. पाण्याभाईर बी दम धरती, सरपटत जाती.

येडू : मला वाटलं, घोंगडी भिजवून घातली की गार पडून ऱ्हाईल. कोकरू ऱ्हातंय तसं.

रावजी : कोकरू! जॉबर म्हणून चाळीस माणसं हाकतो मी, पर असला वस्ताद न्हाय बघितला. सकाळधरनं तिघं उन्हात वाळलो, लागून लागून एक मासा लागला, अन् ह्यानं त्याला पांघरूण घातलं!

येडू : हसा. पर घरी चला म्हणू नका. मरळ घेतल्याबिगर मी हितनं हलणार न्हाय.

रावजी : अरं, टांगेवाला पाचच्या टायमाला निघणार. चुकला तर सोलापूरपातूर पाय तुडवत जायचं. एका माशापायी?

येडू : माशापायी न्हाय. केराबाईपायी.

रावजी : वैनींचा ताप उतरला म्हणालास की.

येडू : उतरला. बावीस दिस तापली, अन् ताप गेला त्यो भूक बी संगं घेऊन गेला. पेज दिली तर तोंड फिरवती. डाक्टर म्हणतो, पोटात अन्न गेलं न्हाय तर माझं औषध काय करंल? परवा आपणहून बोलली, मरळीचा रस्सा प्यावासा वाटतोय. तिचं म्हायेर भीमेकाठचं. इतक्या दिसांत तिनं मागितलेली ही पैली गोष्ट. तवा कुटं माझा जीव भांड्यात पडला.

रावजी : मग हे सकाळीच सांगायचं न्हाय व्हय? मी आपला मजा म्हणून आलो.

येडू : तुला सांगितलं असतं तर सगळ्या तलावाला ऐकवलं असतंस.

ईरप्पा : दुसरी धरायची तर गळाला लावायला बेडकी न्हाय. संपल्या सगळ्या.

येडू : दुसरी कशाला? माझीच हुडकतो.

रावजी : पाण्यात गेलेली?

येडू : पाण्यात गेलीच न्हाय. पाण्याच्या अंगाचं गवत बघ, सरळ उभं हाय. हितं मागल्या अंगाला आडवं पडलंय. अन् हे चकाकतंय ते काय? हात लावून बघ, बुळबुळीत.

ईरप्पा : हौदु, खरं हाय. तिच्याच अंगाचा चिकटा.

येडू : सात वर्साचा असल्यापासनं चुकलेली मेंढरं हुडकलीत मी. गिरणीत आलो म्हणून डोळं गेलं न्हाईत. रावजी, पाय मागं घे, माग मोडशील.

रावजी : घेतला बाबा.

येडू : हितं थांबली... हितनं वळली. ह्या दगडाला घासून गेलीया. आता उताराला लागली.

रावजी : तिकडं कुटं आलंय पाणी?

येडू : हाय. दुपारी मेंढरं उतरली हुती हितनं. त्यांच्या खुरांच्या खळग्यांत पाणी साचून ऱ्हातंय. ईरप्पा, तू त्या अंगानं ये. हळू.

ईरप्पा : चिखल हलला बघ.

येडू : व्हय. गप ऱ्हावा... आली! धरली!

रावजी : सोडू नको! अरं दोन्ही हातांनी, दोन्ही हातांनी!

येडू : कातरताना मेंढरू धरतो तशी धरलीय. आता काय सुटती!

रावजी : शाब्बास रं मर्दा! चालत गेलेला मासा माग काढून धरलेला उभ्या जन्मात बघितला न्हवता.

ईरप्पा : हा घे दगड. आता तरी घाल डोक्यात.

येडू : न्हाय. प्यायच्या पाण्याचं मडकं हाय न्हवं, त्यात सोडतो. जितीच न्यायची.

ईरप्पा : परत तेच! का रं?

येडू : ताप आल्यापासनं जो यील त्यो तिच्या उशाशी बसून म्हणायचा, ही काय वाचत न्हाय. तिला बी तेच खरं वाटाय लागलं हुतं. आता ह्या मरळीला बघू दे तिला. पाण्याभाईर पडली, चिखलातनं फरफटत गेली, अन् अजून शेपूट मारतीया.

रावजी : ...आण ते मडकं. टांग्यात मी धरतो, मांडीवर.

ईरप्पा : अन् रांधणार कोण? तुझी आई तर माशाचा वास बी घेत न्हाय.

येडू : केराबाईच. सकाळी निघालो तवा मिरच्या निवडायला घेतल्या हुत्या तिनं. भिंतीला पाठ न टेकता, बसून.