आतल्या पट्ट्या

मुलगी : क्लॅम्पला हात लावू नका, लांबूकाका. आधी सांगा, गिटारची पाठ कोणी चिकटवली?

लांबूकाका : आम्ही.

मुलगी : आम्ही म्हणजे कोण?

लांबूकाका : डिंक मी लावला, ड्रमवाल्याने दाबून धरली, व्हायोलिनवालीने कडा पुसल्या. आपल्या वाद्यवृंदाची बाकीची मंडळी भोवती उभी. सकाळी तू बाबांना तपासणीला घेऊन गेलीस, तेवढ्यात उरकलं.

मुलगी : उरकलं! ती त्यांनी मुद्दाम उघडी ठेवली होती. रोज तिच्या पोटातल्या पट्ट्या पापुद्र्याएवढ्या तासायच्या, पुढच्या फळीवर बोटाने ठोकायचं, कान लावायचा. तुम्ही रोज इथे येता. दिसत नव्हतं?

लांबूकाका : दिसत होतं, म्हणूनच तर. 'गिटार झाली की ऑपरेशन.' असं म्हणून तारीख किती वेळा पुढे ढकलली त्याने? कानामागची गाठ मेंदूकडे सरकतेय, हे डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलंय. आणि हा बाबा पट्ट्या तासत बसलाय. ती उघडी आहे तोवर तो इस्पितळाची पायरी चढणार नाही, ही सगळ्यांची खात्री झाली. म्हटलं, बंदच करून टाकू. म्हणजे सबब संपली.

मुलगी : सबब?

लांबूकाका : मग काय म्हणू?

मुलगी : त्या गाठीबरोबर त्यांचा उजवा कान जाणार आहे. डावा त्या करवतीच्या यंत्राने केव्हाच खाल्ला. त्यांनी कानाने केलेली ही शेवटची गिटार आहे, काका.

लांबूकाका : आणि बहिरा मिस्त्री नको, म्हणून नसलेला चालेल का? मला बहिरा चालतो. मी ओरडून बोलेन. तसाही तो माझं कधी ऐकत नव्हता.

मुलगी : हसवू नका मला.

लांबूकाका : हसवत नाहीये गं. भीती वाटतेय. भीती वाटली की माझी जीभ अशीच सैल सुटते.

मुलगी : तुम्ही सगळ्यांनी खूप केलंत, नाकारत नाही मी. पाळीपाळीने डबा आणलात, गाडी काढलीत, दुकान उघडं ठेवलंत. पण तुम्ही वाजवणारी माणसं. तारा चढल्याशिवाय तुम्हाला गिटार ऐकूच येत नाही. नुसतं लाकूड बोलतं, हे तुमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही.

लांबूकाका : उघडता येणार नाही का? गरम सुरी घालून?

मुलगी : कडा फाटतील. आणि उद्या सकाळी भरती व्हायचंय. त्यांनी या वेळी हो म्हटलंय, काका. येताना गाडीत म्हणाले, आज संध्याकाळी शेवटचा हात फिरवतो, मग पाठ लावतो, मग जाऊ.

लांबूकाका : हो म्हणाला?

मुलगी : स्वतःहून.

लांबूकाका : अरे देवा.

मुलगी : खाली आहेत. व्हायोलिनवाल्या मावशी त्यांना धरून वर आणतायत. आता काय सांगायचं?

लांबूकाका : सांगू, तूच लावायला सांगितलीस म्हणून. तुझ्यावर तो चिडत नाही.

मुलगी : त्यांना वाटेल, मीच त्यांना घाईने ढकलतेय. उद्या आत जाताना तेच घेऊन जातील. नाही.

लांबूकाका : मग कापड टाक वर. म्हणावं, आज थकलायस, उद्याचं बघ, परत आल्यावर कर.

मुलगी : परत आल्यावर कोणत्या कानाने?

(जिन्यावर काठीचा आवाज. लांबूकाका घाईने गिटारवर कापड टाकतात. मावशी बाहेरूनच परत खाली जातात, मिस्त्री दारात येऊन थांबतात.)

मिस्त्री : एवढी शांतता? लांब्या खोलीत आहे आणि शांतता?

लांबूकाका : ये, मिस्त्री. बस. चक्कर येतेय का?

मिस्त्री : जिना फिरतोय, मी सरळ आहे. कापड कोणी टाकलं तिच्यावर? पोरी, काढ ते.

मुलगी : बाबा, आधी बसा.

मिस्त्री : काढ म्हणतोय ना.

लांबूकाका : मी लावली पाठ. मी. हिला काही माहीत नव्हतं. तू तपासणीला गेला होतास. बाकीच्यांनाही मीच भरीस घातलं. काय बोलायचं ते मला बोल.

(मिस्त्री कापड बाजूला करून पाठीच्या कडेवरून बोट फिरवतात.)

लांबूकाका : बोल ना.

मिस्त्री : कडा कोणी पुसल्या?

लांबूकाका : व्हायोलिनवालीने.

मिस्त्री : तरीच जिन्यात माझ्याशी बोलत नव्हती ती. स्वच्छ पुसल्यात. मला माझ्याच दुकानातून बाहेर काढलंत रे तुम्ही. हाताला धरून, प्रेमाने. माझ्या चपला बाहेर नेऊन ठेवल्यात.

लांबूकाका : तू जगावंस म्हणून.

मिस्त्री : ठाऊक आहे. म्हणून तर शिवीसुद्धा देता येत नाही. पोरी, क्लॅम्प सोडव. हळू. एकेक. आता माझ्या उजव्या कानाशी धर आणि ठोक. फळीवरच्या भोकाच्या खाली. हं. अजून खाली. ऐकलंस?

मुलगी : बसका वाटतोय.

मिस्त्री : घसा बसलेल्या माणसासारखा. खालची मधली पट्टी अजून जाड आहे. आज तीच तासायची होती.

लांबूकाका : आता काहीच करता येणार नाही?

मिस्त्री : भोकातून हात घालून घासता येतं. पॉलिश पेपर बोटाला गुंडाळायचा. आंधळं काम. दे, बघू. … नाही. जात नाही.

मुलगी : औषधांनी सूज आलीय, बाबा. जोर नका लावू. भोकाची कड तुटेल.

मिस्त्री : हा माझा हात नाहीच. कोणी तरी उसना दिलाय.

लांबूकाका : मिस्त्री, माझा घाल हवं तर.

मिस्त्री : तुझा? तू आत खाजवशील नुसतं. उजेडातून बाजूला हो जरा. पोरी, तुझा आण.

मुलगी : माझा नको. मी जास्त घासलं तर?

मिस्त्री : तर फळी फाटेल आणि मी लांब्याला दोष देईन. लहानपणी गिटारमध्ये पडलेल्या पेन्सिली कोण काढायचं?

मुलगी : पेन्सिली मीच टाकायचे.

मिस्त्री : माहीत आहे. हात घालायला मिळावा म्हणून. घाल. लागली पट्टी? टोकाकडे जा. नखाने अंदाज घे. घास. दोनच वेळा. थांब. ठोक.

मुलगी : थोडा मोकळा झाला.

मिस्त्री : मला तेवढा फरक नाही जाणवला. कान भरलाय आज. पुन्हा घास. ठोक. लांब्या, श्वास जोरात घेऊ नकोस.

लांबूकाका : मी श्वास घेतच नाहीये.

मिस्त्री : हं. आता बरा आहे. छातीतून येतोय. माझ्या मते झालं. काढ हात.

(मुलगी हात आतच ठेवून पुन्हा ठोकते.)

मिस्त्री : काय झालं? काढ ना.

मुलगी : बाबा, नाही झालं. डाव्या बाजूला अजून आवाज धरून ठेवलाय तिने. ठोकल्यावर शेवटी एक कंप उरतो, तिथे. किंचित घासायला हवं.

मिस्त्री : कुठे?

मुलगी : इथे. ऐका.

मिस्त्री : पुन्हा ठोक. … पुन्हा. … मला नाही ऐकू येत.

मुलगी : मला येतंय.

मिस्त्री : नक्की?

मुलगी : नक्की.

मिस्त्री : लांब्या, तुझ्या व्हायोलिनवालीला सांग, सकाळी गाडी वेळेवर आण, आणि जिन्यात बोलत जा. पोरी, तू घास. मी उद्याची पिशवी भरतो.