नागिसावा स्टेशनच्या पाटीला लागलेल्या कुंकवाबाबत

नाव शशिकांत रंगनाथ भोईटे, वय ४९ वर्षे, धंदा नोकरी (चिप कंपनीत टेस्टिंग), शिक्षण गावच्या शाळेत, नंतर कराडला डिप्लोमा, मूळ जिल्हा सातारा, हल्ली राहणार सनीव्हेल, कॅलिफोर्निया.

समक्ष हजर राहून जबाब देतो की, मी वरील ठिकाणी पत्नी सुवर्णा व आई शोभना, वय ७६, यांच्यासह राहतो. आई गेल्या महिन्यात गावाहून आली. मला इंग्रजी येते, तरी हा जबाब मराठीत देत आहे. दुभाषी नेत्रा मॅडम हजर आहेत.

काल दसरा होता. सकाळी घरी गाडीची व लॅपटॉपची पूजा केली. दुपारी आईला कम्युनिटी हॉलमध्ये जपानमधल्या नागिसावा या लहान स्टेशनचे प्रदर्शन दाखवायला नेले. ते आमच्या शेजारच्या ओकाबेबाईंनी भरवले आहे. त्यांचे वडील तिथे स्टेशनमास्तर होते. डोंगरातले गाव; फलाटाचे दगड गावकऱ्यांनीच वाहिले. पुढे दरड कोसळून लाइन बंद पडली, स्टेशन पाडले. राहिली ती स्टेशनच्या नावाची लाकडी पाटी; ती प्रदर्शनात मांडली होती. तिच्यावरचे नाव वडिलांनी शाईने लिहिलेले आहे.

हे मी आईला सांगितले. ती म्हणाली, "एवढी वर्षं माणसं घरला पोचवली हिनं. हात नको का जोडाया?" तिने पर्समधली कुंकवाची पुडी काढली, बोट ओले केले आणि पाटीला कुंकू लावले. मी अडवले नाही. कोणी बघत नाही हे पाहून मीही हात जोडले.

आम्ही पुढचे फोटो पाहत असताना आरडाओरडा झाला. कोणीतरी ओल्या कागदाने पाटी पुसली होती. शाई आणि कुंकू एकत्र ओघळले. एकजण रक्त म्हणाला, दुसरा म्हणाला, जपानी लोकांच्या द्वेषातून केले आहे. पोलीस बोलावले.

पाटीकडे लक्ष ठेवायला अबोली होती; आईने कुंकू लावले तेव्हा ती जरा दाराशी गेली होती. ती इथे स्टुडंट व्हिसावर आहे, आमच्याकडे जेवायला येते. ऑफिसरनी तिला बाजूला घेतले. ती मला म्हणाली, "काका, तुम्ही इथंच होतात ना? सांगा ना यांना, मी काही केलं नाही."

मी ऑफिसरना सांगितले की, मी पाणी आणायला गेलो होतो, काही पाहिले नाही. हे खोटे आहे.

आई शेजारी होती. तिच्या बोटाला कुंकू होते. "काय म्हणत्यात रं? पाटी का पुसली?" असे तिने विचारले. "काही नाही, बंद करायची वेळ झाली म्हणतात," असे सांगून मी तिचा हात धरला, बोट झाकेल असा. ती म्हणाली, "सोड, पडत नाही मी."

ओकाबेबाई रुमालाने पाटी टिपत होत्या. आम्हाला पाहून त्यांनी मान लववली. आईने नमस्कार केला.

रात्री अबोलीचा फोन आला. "काका, माझं नाव लिहून घेतलंय. व्हिसाला प्रॉब्लेम येईल का हो?" मी तिला काळजी करू नकोस म्हणालो. नंतर देवापुढे बसलो, पण जप झाला नाही.

अबोलीचा यात काहीही संबंध नाही. तिचे नाव काढावे. कुंकू आईने लावले ते पूजा म्हणून. खोटे मी बोललो, ते वेगळे लिहावे.

आई बाहेर बाकावर बसली आहे. पाटी खराब झाली एवढेच तिला सकाळी सांगितले. "मी लावलं, मीच सांगते," म्हणून ती आली. काल मी तिच्याबद्दल काय लपवले, कोणापुढे लपवले, हे तिला माहीत नाही. तिचा जबाब घेताना ते तिला कळू देऊ नये, अशी विनंती मी आत येताच केली होती. ती विनंती मागे घेतो.

वरील मजकूर नेत्रा मॅडमनी मला मराठीत वाचून दाखवला. मी बोललो तसाच तो लिहिला आहे. त्यात बदलण्यासारखे काही नाही, म्हणून खाली सही करतो.