टीप मारून दाखवा

मिस्त्री : ...आणि हिला ओलं फडकं चालत नाही. जुन्या बनियनचं, कोरडं, मऊ. पुसायचं तेसुद्धा एकाच दिशेने.

डॉक्टर : लक्षात ठेवतो.

मिस्त्री : घरात मांजर?

डॉक्टर : नाही.

मिस्त्री : लहान मूल?

डॉक्टर : एक नातू आहे. पण परगावी असतो.

मिस्त्री : सुट्टीत येतो?

डॉक्टर : मिस्त्री, मी शिलाई मशीन विकत घ्यायला आलोय की दत्तक घ्यायला?

बायको (आतून, आणि पुढेही बराच वेळ आतूनच) : डॉक्टर, तुमच्याआधीची गिऱ्हाइकं मांजरालाच उठून गेली. तुम्ही नातवापर्यंत टिकलात. चहा टाकते.

मिस्त्री : अगं, तू मध्ये बोलू नकोस.

बायको : मी कुठे मध्ये? मी स्वयंपाकघरात वाटाणे सोलतेय. मध्ये तुमच्या मशिनी आहेत. दारापासून मोरीपर्यंत.

डॉक्टर : छान ठेवल्यात मात्र. आरशासारख्या.

मिस्त्री : ही थोरली. आली तेव्हा नुसता गंजाचा गोळा होती. एका गोठ्यात पडली होती, वर कोंबडी बसलेली. चाक जागचं हलेना. रॉकेलमध्ये भिजत घातली, पार्ट अन् पार्ट सुटा केला, वेलबुट्टीचा सोनेरी रंग एका केसाच्या ब्रशने...

बायको : भिजत घातली ती आमच्या आंघोळीच्या बादलीत. तेव्हापासून अंगाला साबण कितीही लावा, माणसाला स्टोव्हसारखाच वास येतो.

डॉक्टर : बरं, किमतीचं आपलं ठरलं. घेऊन जाऊ?

मिस्त्री : आजच?

बायको : आजच! डॉक्टर, आजच न्या. सोमवारपासून माझा शिवणवर्ग सुरू होतोय या खोलीत. सगळ्या पोरींनी नावं घातलीत. यांना म्हटलं, मशिनी विका, जागा करा. तर एकाला फिरवलं, कारण तो हिच्यावर कुंडी ठेवणार होता. एकीला फिरवलं, कारण तिच्या हाताला घाम फार येतो.

मिस्त्री : घामाने सोनेरी रंग जातो.

बायको : म्हणून मी माझ्या भावाला सांगितलंय. संध्याकाळी तो टेम्पो घेऊन येतोय. आज एक तरी मशीन विकली गेली तर बाकीच्यांना मुदत. नाहीतर सगळ्या भंगारात.

डॉक्टर : भंगारात? अरेरे.

मिस्त्री : बोलते नुसती.

बायको : भाऊ टेम्पोत हवा भरायला गेलाय.

मिस्त्री : ...डॉक्टर, मांजराचं काय एवढं. घेऊन जा.

डॉक्टर : घेतो की. फक्त एक टीप मारून दाखवा.

मिस्त्री : काय?

डॉक्टर : एक टीप. हा माझा रुमाल. इथून तिथवर सरळ. मीही पेशंटला कवळी दिली की आधी काहीतरी चावून बघायला लावायचो.

मिस्त्री : चाक फिरवून बघा ना. लोण्यासारखं फिरतं. आवाज ऐका.

डॉक्टर : ऐकला. आता टीप.

मिस्त्री : अगं... ऐकलंस का?

बायको : ऐकलं.

मिस्त्री : जरा बाहेर येतेस?

बायको : नाही. वाटाणे आहेत.

मिस्त्री : डॉक्टरांना टीप मारून हवी आहे.

बायको : मारा की. मशीन तुमची, गिऱ्हाईक तुमचं.

डॉक्टर : काही अडचण?

बायको : डॉक्टर, आजवर या घरातून जी जी मशीन गेली, तिच्यावर टीप मी मारून दाखवली. आता मी बंद केलंय. ज्यांनी खोली भरली, त्यांनीच ती रिकामी करायची. संप म्हणा.

डॉक्टर : म्हणजे मिस्त्री, तुम्हाला शिवता येत नाही?

मिस्त्री : मी मिस्त्री आहे, शिंपी नव्हे. पाळणा करणारा सुतार काही आत झोपून दाखवत नाही.

डॉक्टर : पण हलवून तरी दाखवतो.

मिस्त्री : येतं मला! बघूनबघून येतंच माणसाला. हा दोरा. हा इथून वर, इथून खाली, आता सुईत... सुईत... सुई फार लहान केलीय लेकाच्यांनी.

डॉक्टर : द्या इकडे. माझा हात स्थिर आहे. हां. गेला.

मिस्त्री : आता रुमाल. आता चाक. बघा!

डॉक्टर : वा! भोकं मात्र सुरेख पडलीत.

मिस्त्री : दोरा कुठे गेला?

डॉक्टर : वरच आहे. रुमालात उतरायला तयार नाही.

बायको : खालची डबी भरली का?

मिस्त्री : कुठली डबी?

बायको : खालच्या दोऱ्याची.

मिस्त्री : ती रोज पॉलिश करतो मी!

बायको : पॉलिश नाही हो, दोरा. तिच्यात दोरा भरावा लागतो. वरचा आणि खालचा एकमेकांत अडकले तर टाका पडतो.

मिस्त्री : ती भरलेलीच असते नेहमी.

बायको : असते. कारण मी भरते. तुमच्या हातात सगळंच भरलेलं येतं. ताटसुद्धा.

डॉक्टर : मिस्त्री, मी मध्ये पडत नाही, पण वहिनींचं निदान बरोबर वाटतं.

मिस्त्री : कळलं. ही घ्या भरली. जरा वेडीवाकडी भरलीय, पण आत कोण बघतंय. आता बघा!

डॉक्टर : ...अजून भोकंच.

बायको : सुई उलटी बसलीय.

मिस्त्री : बघितल्याशिवाय कसं सांगतेस?

बायको : आवाज येतोय की. खटक-खटक हवं, तुमची खट-खट करतेय. सुईची चपटी बाजू फिरवा.

मिस्त्री : पण मला ती चकचकीत बाजू पुढे छान दिसत होती.

डॉक्टर : एकदा एका पेशंटनेही मला हेच सांगितलं होतं. कवळी उलटी घालून आले होते.

मिस्त्री : फिरवली. आता शेवटचं. डॉक्टर, रुमाल ताणून धरा. मी एका हाताने चाक फिरवतो, एका हाताने कापड सारतो. हां... हां... अगं, ऐक! खटक-खटक! पडतायत! टाके पडतायत! सरळ! अगदी सरळ!

डॉक्टर : मिस्त्री, थांबा.

मिस्त्री : आता कसला थांबतो! टोकापर्यंत नेतो!

डॉक्टर : थांबा. हलू नका. दुखतंय का?

मिस्त्री : काय दुखायचंय?

डॉक्टर : तुमची बाही. रुमालाला शिवली गेलीय. मनगटाच्या बरीच पुढे आलीय टीप.

मिस्त्री : अरे देवा.

डॉक्टर : दीर्घ श्वास घ्या. आ करा... माफ करा, सवय. कात्री आहे का घरात?

बायको : आले. सरका. जगात पहिल्यांदाच पाहतेय, गिऱ्हाइकाला दुकानदार शिवून दिलेला.

मिस्त्री : कापू नकोस!

बायको : मग काय, असेच जोडीने फिरणार दोघं?

मिस्त्री : आधी बघ तर. टीप बघ. सरळ आलीय ना?

बायको : ...आलीय.

मिस्त्री : आता उलटून बघ. खालूनही टाका तसाच. वरचा दोरा खालच्याला अडकलाय. मी इतक्या मशिनी उघडल्या, पण हे... हे आत असं चालतं होय?

बायको : असं चालतं.

डॉक्टर : वहिनी, मला ही मशीन हवीच. निवृत्त झाल्यापासून हात नुसते बसून आहेत. पडदे शिवीन म्हणतो दवाखान्याचे. मुलगा चालवतो आता तो.

बायको : शिवता येतं?

डॉक्टर : हिरड्यांना टाके घालायचो.

बायको : पडद्यांना हिरड्या नसतात. मशीन मिळणार नाही.

मिस्त्री : अगं! गिऱ्हाईक हातचं घालवतेस? आणि टेम्पो?

बायको : शिकल्याशिवाय नेली तर महिन्याभरात कुंडीच ठेवतील वर. डॉक्टर, सोमवारी सकाळी वर्गाला या. टीप सरळ यायला लागली की थोरली तुमची. तोवर ती इथेच चालेल.

मिस्त्री : चालेल म्हणजे? तिच्यावर कोण बसणार?

बायको : डॉक्टर. बाकीच्यांवर पोरी.

मिस्त्री : पण पोरींच्या हाताचा घाम...

बायको : आत्ता तुमच्याच घामाने ओली झालीय ती. कुठे गेली वेलबुट्टी? आहे तिथेच आहे.

डॉक्टर : खरंच की. हलली नाही.

मिस्त्री : ...पुसायला मात्र कोरडंच फडकं.

बायको : कोरडंच. एकाच दिशेने.

डॉक्टर : बाहेर हॉर्न वाजतोय.

बायको : भाऊ आला. त्याला सांगा, टेम्पोत सोफा भर.

मिस्त्री : सोफा? आपला सोफा?

बायको : खोलीत तीच एक वस्तू आहे जिच्यावर नुसतं बसता येतं.

मिस्त्री : आणि मी बसू कुठे?

बायको : त्या धाकटीपुढे. डबी रिकामी आहे तिची. भरायला घ्या.