गुपित न सांगता

दातांच्या दवाखान्यात गाल धरून बसलेल्या टेलरमावशींना शेजारच्या बापलेकीचं बोलणं ऐकण्यावाचून दुसरा उद्योग नव्हता.

“तुझं ते निरोपांना कुलूप लावायचं एम.टेक. कुठवर आलं?”

“चाललंय, बाबा.”

“सध्या काय शिकवतात?”

“गुपित न सांगता, ते आपल्याला माहीत आहे एवढंच समोरच्याला पटवून द्यायचं.”

“आणि गुपित?”

“ते शेवटपर्यंत तोंडातून काढायचं नाही.”

“दमलेली दिसतेस.”

“जीव नुसता मेटाकुटीला आलाय. प्रोजेक्ट, परीक्षा, सगळं एकदमच.”

“हं. आईनं तुझी खोली झाडून ठेवलीय. पुस्तकांसाठी कप्पाही रिकामा केलाय.”

“कशाला? अजून वर्षभर मी हॉस्टेलवरच आहे.”

“राहा की. गादीही उन्हात टाकून घेतली.”

“बाबा, पण मी कुठे परत येतेय?”

“मी कुठे तसं म्हणतोय?”

टेलरमावशींचं नाव पुकारलं गेलं. त्यांना ते ऐकू आलं, पण त्या काही उठल्या नाहीत.

“बाबा… मी कॉलेज सोडलंय, हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“मी काही बोललो का? आण ती बॅग इकडे. आणि टेक जरा डोकं खांद्यावर.”