एक रेघ बघायला गेलो होतो

...आणि वर मलाच म्हणते, "आजोबा, नकाशावर बोट ठेवू नका!" आता बोट न ठेवता नकाशा वाचता येतो का, तुम्हीच सांगा! चार यत्ता शिकलोय, अक्षर लावून लावून वाचतो, पण वाचतो, कुणाला विचारत नाही. एक रेघ बघायला गेलो होतो मी. एक रेघ!

तुम्हाला सांगतो, जमिनीचे जुने नकाशे कचेरीने त्या वाचनालयात नेऊन टाकलेत. कुणाचा तुकडा कुठवर, सगळं नावानिशी लिहिलेलं. पण बघायचे म्हणजे? पिशवी बाहेर ठेवा. हात धुवा. धुतले. "पेन नको आजोबा, पेन्सिल." घेतली. मग तिथल्या बाईने नकाशा असा उलगडला, जसं काही झोपलेलं पोर पाळण्यातून काढतेय, आणि चार कोपऱ्यांवर वाळूच्या चार पुरचुंड्या ठेवल्या. तोवर अर्धी सकाळ गेली... एका रेघेसाठी!

रेघ कसली? माझी आणि धाकट्याची. वडिलांनी मधोमध दगड पुरून दोघांना वाटून दिलं. विहीर त्याच्याकडे. विहिरीपासून माझं दार दहा पावलं. त्यातली माझ्या बाजूची सात माझी, हे मी वीस वर्षं ओरडून सांगतोय. पहिली दोन वर्षं तोही भांडला. कडाकडा! मग एक दिवस गप्प. मी काही बोललो की म्हणणार, "बरं, दादा." आणि हसणार. मी म्हटलं, घाबरला! अठरा वर्षं मिशीला पीळ देत हिंडलो. पण ते हसणं... ते हसणं काही जाईना डोक्यातून. म्हटलं, कागदच आणतो. बाईला बसल्या बसल्या सांगितलं, "दोन नकला लागतील. एक माझी, एक त्याच्या तोंडावर फेकायला." बाई म्हणाली, "आधी बघा तर."

बघितलं. विहीर सापडली. गोल खूण, कुणीही ओळखेल. त्याचं नाव, माझं नाव, मध्ये रेघ. बाईने पट्टी लावली. "विहिरीपासून रेघेपर्यंत वीस पावलं भरतात, आजोबा."

"तीन बघा."

"वीस."

"पट्टी उलटी धरलीय तुम्ही!"

उलटी नव्हती. वीस म्हणजे काय, कळलं का तुम्हाला? माझ्या दाराच्या आत दहा! सात पावलं गेली चुलीत, पण दार त्याचं, पुढची खोली त्याची, चूल त्याची... माझी काय, तर मागची मोरी! मी एक रेघ बघायला गेलो आणि रेघ माझ्या घरात शिरली!

मग आठवलं. दगड नांगराला अडायचा. वडील गेल्यावर मीच उचलून विहिरीकडे सरकवला, म्हटलं पेरणी झाली की परत ठेवू... आणि पुढे त्याच दगडावरून मापं घेऊन घर बांधलं. मीच! दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्याला उभा सोलला असता.

पण थांबा, खरा दगा पुढेच आहे. बाईने वही पुढे केली. "नकाशा पाहिला म्हणून नाव लिहा." त्या नकाशाच्या पानावर माझ्याआधी एकच नाव. धाकट्याचं! अठरा वर्षांपूर्वीची तारीख. पाहण्याचं कारण? 'दादाचं घर कुठे येतं ते.' नक्कल हवी का? 'नको.'

नको! अठरा वर्षं माहीत होतं त्याला! मी बांधावर उभा राहून "माझ्या हद्दीत पाय टाकशील तर बघ" म्हणून गर्जायचो, तेव्हा मी कुणाच्या हद्दीत उभा होतो? याला भाऊ म्हणायचं? अरे, भांड! कोर्टात जा! घर पाड माझं! पण नाही. "बरं, दादा." माणसाला जिंकू देऊन असं फसवायचं?

बाई विचारते, "मग दोन नकला ना, आजोबा?"

पेन्सिल घेतली. नाव लिहिलं. कारण लिहिलं, 'रेघ बघणे.' पुढच्या रकान्यात त्याच्या 'नको'खाली लिहिलं, 'नको'. वरून एकदा गिरवलं. पेन्सिल होती म्हणून.

घरी आलो तर हा विहिरीवर, पाणी शेंदत. "कुठे गेला होतास, दादा?"

"वाचनालयात."

बादली मध्येच थांबली. मग म्हणाला, "बरं, दादा." या वेळी हसला नाही, मेला! हसला असता तर दोन शब्द सुनावले तरी असते.

तेव्हापासून दारात आलो की मी खाकरतो. बायको विचारते, "घसा धरलाय का?" मी म्हणतो, हो. तिला काय सांगू? आपल्याच घरात शिरताना कुणी खाकरतं का... आणि आपल्याच कसलं म्हणा!